काळा कॅप्टन, हिरवे पेंडसे

यंदा रमजान थंडीत आलाय. थंडी म्हणजे सौदीतल्या राबिघची थंडी. तुम्ही पुण्याहून आलात तर शर्टाच्या बाह्या दुमडून हिंडाल. पण तांबड्या समुद्राच्या काठी इतकी वर्षं उकडून निघालेल्या आमच्या अंगाला तेवढीही पुरते. संध्याकाळी खारा वारा सुटतो, रिफायनरीच्या ज्वाळा त्या वाऱ्यात एका अंगाला कलतात, आणि मी माझी एकुलती एक शाल कपाटातून बाहेर काढते.

आपल्याकडचे ऋतू शहाण्यासारखे आपापल्या महिन्यात येतात. इथला हा ऋतू मात्र भटक्या. चंद्राच्या मागे मागे जातो, दर वर्षी थोडा अलीकडे सरकतो, आणि एक अख्खी पिढी मोठी होईपर्यंत सगळं वर्ष पालथं घालून येतो. मी त्याला भर उन्हाळ्यात पाहिलंय, परीक्षांच्या तोंडावर पाहिलंय, आणि एकदा ऐन गणपतीतही पाहिलंय. वेश बदलून येतो, पण वासावरून ओळखू येतो. मसुराच्या सूपचा वास, गल्लीतल्या कढईत फुगणाऱ्या सांबुशांचा, म्हणजे इथल्या सामोशांचा वास, आणि टीव्हीचा. हो, टीव्हीला वास असतो! रमजानात प्रत्येक चॅनेलवर नव्या मालिका लागतात. रोजा सोडून सगळं गाव एकाच वेळी पडद्यासमोर बसतं आणि प्रत्येक खिडकीतून तळणीच्या वासाबरोबर तेच एक शीर्षकगीत बाहेर येतं. मालिकांचा हंगाम म्हणतात तो हा. आपल्याकडे आंब्याचा असतो तसा.

आणि या हंगामात मला मुरुडहून एक फोन येतो. तो आला की माझा रमजान लागला. फोन कोणाचा ते सांगते, पण थोडं थांबा. आधी कालची गंमत.

माझी लेक रेवा सुट्टीवर आलीय. काल सोफ्यावर आडवी होऊन ती लॅपटॉपवर एक अंतराळयानाची मालिका बघत होती. मी चष्मा सरसावून डोकावले. यानाची कॅप्टन एक काळी बाई. केस बारीक कापलेले, आवाज खर्जातला, आणि हुकूम असे सोडते की ग्रहसुद्धा जरा बाजूला सरकावेत.

"रेवा, कॅप्टन बघितलीस?"

"हो."

"काळी आहे."

"सो?"

एवढंच. मान वरसुद्धा केली नाही बयेने. त्या 'सो'वर मी इतकी खूश झाले की तिला उठवून मिठी मारणार होते. पण तिला कारण कळलं नसतं. कारण हीच मुलगी आठ वर्षांची असताना याच खोलीत काय म्हणाली होती, ते तिला आठवत नाही. मला आठवतं.

तो रमजान भाद्रपदात आला होता. कोण उकाडा! समुद्र नुसता वाफ सोडत बसलेला. चष्मा लावून घराबाहेर पाऊल टाकलं की काचा पांढऱ्या. ऑफिसं लवकर सुटायची, शाळाही अर्धीच, त्यामुळे कंपाउंडमधली, म्हणजे आमच्या रिफायनरीच्या वसाहतीतली सगळी मंडळी दुपारीच घरी आणि सगळ्यांना वेळच वेळ. पडदे ओढायचे, एसी सोडायचा आणि टीव्ही बघायचा.

आमच्या घरात तेव्हा एक खेळ चालायचा. त्याचं नाव 'गेला'. परग्रहावर यान उतरतं, समोर एक बंद दार असतं, आतून काहीतरी गुरगुरतं, आणि दार उघडायला कोणीतरी पुढे होतो. तो पुढे झाला की आम्ही तिघांनी ओरडायचं, "गेला!" जो आधी ओरडेल त्याला जास्तीचा सांबुसा. अविनाश, म्हणजे माझा नवरा, पक्का इंजिनिअर. तो संगीतावरून ओळखायचा. मी कपड्यांवरून. रेवा मात्र आम्हा दोघांच्या आधी ओरडायची आणि रोज जिंकायची.

"तुला कसं गं कळतं?" मी लिंबू पिळता पिळता विचारलं.

"सिंपल. जो काळा, तो गेला."

माझा हात लिंबावरच थांबला. अविनाशने आवाज बंद केला. मग आम्ही दोघं आठवत बसलो. खरंच की! दार उघडायला तोच. शेपटीवाल्या प्राण्याच्या तोंडी तोच. भविष्यातल्या माणसाला प्रकाशाच्या वेगाने जाता येत होतं, पण त्या बिचाऱ्याला दुसऱ्या भागापर्यंत जाता येत नव्हतं. बाकीच्या घरगुती मालिकांत तो मरत नसे; पण तिथेही तो नायकाचा मित्र, नाहीतर ओरडणारा पोलीस अधिकारी, नाहीतर नायिकेला शहाणपण सांगून आपल्या घरी निघून जाणारी एक मावशी. या लोकांना घर असतं का, ते जेवतात काय, हे कोणी कधी दाखवलंच नाही. आणि त्याच हंगामातल्या एका रमजानी विनोदी मालिकेत एक गोरा नट तोंडाला काळं फासून चहाचा ट्रे घेऊन यायचा आणि धडपडायचा. हसायचं ते एवढ्यावरच.

याला अपवाद एकच. कॅप्टन.

त्या मालिकेचं खरं नाव कंपाउंडात कोणी घेत नसे. "कॅप्टन लागला का?" एवढंच विचारायचं. उंच, काळा, दाढी पांढरी होत चाललेला गृहस्थ. शेकडो माणसांचं यान सांभाळायचा आणि कधी आवाज चढवायचा नाही. संकट आलं की बाकीचे धावत सुटायचे, आणि हा मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. मग खुर्ची पुढे ओढून बसायचा. बस्स. घड्याळ टेबलावर टेकल्याचा तो 'टक' ऐकला की आम्हाला वाटायचं, आता काही काळजी नाही. सगळ्या कंपाउंडला त्याचं वेड लागलं. प्लांटमधल्या मीटिंगांत साहेब लोक घड्याळं काढून ठेवायला लागले. आमच्याकडे गॅसचा सिलिंडर संपला तर अविनाशने आधी घड्याळ काढलं आणि मग रेग्युलेटर.

तर अशा त्या भारलेल्या दिवसांत पेंडशांनी नाटक लिहिलं.

पेंडसे म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रमुख नट. प्रमुख नट त्यांना कोणी नेमलं नव्हतं, ते तसेच जन्मले होते. गोरेपान, घारे डोळे, आणि 'ण'चा उच्चार असा की समोरच्याने आपला 'न' खिशात लपवावा. नाटकाचं नाव 'धक्का द्या, यान बंद पडलंय'. यान एका अनोळखी ग्रहावर बंद पडतं, तिथला हिरवा रहिवासी समोर येतो, सगळे बंदुका काढतात, आणि कॅप्टन म्हणतो, "बंदूक नंतर. आधी त्याचं नाव विचारा." मग दोन्ही ग्रहांची दोस्ती, धक्का, यान सुरू, पडदा. ईदच्या सुट्टीत क्लबच्या हॉलमध्ये प्रयोग.

आणि रंगभूषा? ती मी. शाळेच्या गॅदरिंगपासून मंडळाच्या गणपतीपर्यंत या कंपाउंडातलं प्रत्येक थोबाड माझ्या हातून गेलेलं आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझी रंगांची दुनिया. तुम्हाला एक गुपित सांगते. त्या डब्यात गोऱ्याच्या पाच छटा होत्या आणि निळ्याच्या दोन. निळा कशाला? अहो, कृष्णाला! ज्याच्या नावाचा अर्थच काळा, त्याला मी वर्षानुवर्षं निळा रंगवत आले. आपली ही केवढी हुशारी! देव काळा आहे हे मान्य, त्याच्यावर प्रेमही जिवापाड, पण रंगवताना हात आपोआप निळ्या डबीकडे. त्या डब्यात माणसासारखा माणूस होईल असा गडद रंग नव्हताच.

आता यासीन. रंगमंचावर आणायला मुद्दामच उशीर केला, नाट्य टिकावं म्हणून.

यासीन सिद्दी, मुक्काम मुरुड. जंजिऱ्याच्या सिद्द्यांच्या कुळातला. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आलेली ही माणसं. रंग, केस, चेहरा तिकडचा आणि जीभ, पोट, भांडण्याची हौस अस्सल कोकणी. यासीन प्लांटवर क्रेनवाल्यांचा सुपरवायझर होता. आवाज असा की वायरलेस बंद पडला तरी तो खालून "खलास! खलास!" ओरडायचा आणि आभाळात लोंबणारा पाइप जागच्या जागी थांबायचा. बाजारातला सुदानी मिठाईवाला त्याला बघताच उमाळ्याने "या झोल!" म्हणून हाक मारायचा, म्हणजे 'अरे आपल्या माणसा'. आणि यासीन तितक्याच उमाळ्याने म्हणायचा, "काय रे भावा, बासबुसा ताजा हाय का?" सुदानी गोंधळून त्याला जास्तीचा तुकडा द्यायचा.

तालमीच्या पहिल्याच दुपारी यासीन आला आणि पेंडशांसमोर उभा राहिला. "साहेब, मना कॅप्टन करा."

'मना' म्हणजे 'मला'. पेंडशांच्या कानाला ते बोचलं. "यासीन, मला. म-ला. आणि कॅप्टन मी आहे. तुझ्यासाठी एकदम खास रोल ठेवलाय. परग्रहवासी!"

"डायलॉग?"

"सुरुवातीला गुरगुरणं. शेवटी आपलं नाव सांगतोस."

यासीनने पेंडशांकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "साहेब, जंजिरा काय तुमाला मिळाला नाय. कॅप्टन तरी मना मिळू द्या."

असे हसलो आम्ही! पेंडसे सगळ्यांत जोरात हसले. पण रोल दिला नाही. आणि इथे त्यांच्या डोक्यातली गोम बघा. पेंडसे प्रामाणिक कलावंत. मालिकेतला कॅप्टन काळा, म्हणून आपलाही कॅप्टन काळाच हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणून ते मला म्हणाले, "वहिनी, जेद्दाहून रंगभूषेचा काळा पॅनकेक मागवा. मला काळं करायचंय. आणि यासीनला हिरवं." हिरव्याची वाण नव्हती. सौदीचा राष्ट्रीय दिवस जवळ आला होता, दुकानं हिरव्या रंगाच्या डब्यांनी ओसंडत होती. म्हणजे हॉलमध्ये एक काळा माणूस होता, त्याला हिरवा करायचा. आणि त्याच्या शेजारी एक गोरा माणूस होता, त्याला काळा करायचा. या व्यवस्थेत काही चुकतंय असं पेंडशांसारख्या हुशार माणसाला अजिबात वाटलं नाही. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं नाही.

रोजच्या तालमी चालू झाल्या. यासीनचा रोजा असायचा, म्हणून आम्ही चहा आतल्या खोलीत प्यायचो. तो दारातून ओरडायचा, "घ्या हो बिनधास्त, तुमच्या चहानं माजा रोजा तुटत नाय. फक्त फुर्र करू नका, तेवढं सहन व्हत नाय." गुरगुरायचा मात्र मन लावून.

रंगीत तालमीच्या दुपारी मी हिरवा रंग कालवून त्याला खुर्चीवर बसवलं. अर्धा चेहरा हिरवा झाला तेव्हा तो आरशात बघत हळूच म्हणाला, "वहिनी, ईदला शमा येतेय. तिच्या आईबरोबर. पहिल्यांदाच."

शमा त्याची मुलगी. सुपरवायझर झाल्यावर त्याला नुकताच घरच्यांसाठी व्हिजिट व्हिसा मिळाला होता.

"अरे वा! बाबाचं नाटक बघेल."

"त्येच तर." त्याने हनुवटी वर केली, मी गळ्याला रंग लावावा म्हणून. "शाळेत तिला राक्षसीण केलंय. मना पन शाळेत दरवर्षी राक्षसच करायचे. नायतर दरबारात भाला घेऊन उभा. एक वर्ष बाईंनी वाक्य दिलं, 'जी हुजूर'. परवा फोनवर पोरीनं विचारलं, अब्बा, नाटकात तू कोण झालास? मी म्हटलं, हिरवा, लांबच्या ग्रहावरचा. तर म्हनते कशी, मंजे आपन दोघंपन राक्षस." तो हसला. "खूश झाली हो. मी बी राक्षस झालो म्हनून खूश."

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीतून पेंडशांची हाक. "वहिनी, माझं तोंड काळं कधी करणार?"

"आत्ता!" मी म्हटलं, आणि हात जरा सैलच सोडला. काय सांगू! कानाच्या पाळ्यांपासून गळ्याच्या घाटीपर्यंत असा थापला की घारे डोळे आणि दात सोडून पेंडसे म्हणून ओळखावं असं काही उरलं नाही. कॅप्टन कसला, भटारखान्यातली कढई.

आणि त्याच क्षणी, नाट्यदेवतेच्या कृपेने, पेंडशांच्या आईचा पुण्याहून फोन आला.

फोन घेतला मेधाने, म्हणजे पेंडशांच्या बायकोने. सासूबाईंना ऐकू जरा कमी. मेधा हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडून बोलत होती. "हो आई, बरे आहेत... नाही, घरी नाहीत... इथेच बसलेत, तोंड काळं करून!... हो हो, तोंड काळं केलंय त्यांनी! सगळ्यांसमोर!"

आणि लाइन तुटली.

आम्हाला क्षणभर काही कळलं नाही. मग एकेकाच्या चेहऱ्यावर उजाडायला लागलं. पुण्यात एक म्हातारी बाई रिसीव्हर हातात धरून उभी आहे आणि तिच्या कानात शेवटचे शब्द आहेत की परदेशात, तेही सौदीत, आपल्या मुलाने सगळ्यांसमोर तोंड काळं केलं. मेधाने पुन्हा लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. आई कामाला लागल्या होत्या! थोड्याच वेळात पेंडशांच्या मोबाइलवर थोरल्या भावाचा फोन. "काय केलंस? पैशाचं की बाईचं? वकील लागेल का?" मग मामेबहिणीचा. मग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा, त्यांचा कोणी भाचा रियाधला होता म्हणे. काळे ठिक्कर पेंडसे एका हाताने घाम पुसत होते, पुसला की रंग हाताला, हाताचा रंग फोनला, आणि तोंडाने सारखं म्हणत होते, "अहो, मी तोंड काळं केलं म्हणजे खरंच काळं केलं! रंगाने! नाही, कोणी फासलं नाही, मीच फासून घेतलं!" जितकं समजावत तितकं प्रकरण चिघळत होतं. शेवटी आई लाइनवर आल्या तेव्हा रडत होत्या. "काळं कशाला व्हायचं होतं रे तुला? चांगला गोरा होतास."

हॉलमध्ये आम्ही सगळे हसून आडवे. यासीनही. पण फोन स्पीकरवर होता, आणि आईंचं ते शेवटचं वाक्य ऐकून तो हसायचा थांबला. मला ते दिसलं. मला वाटतं पेंडशांनाही दिसलं.

ते उठले, तोंड धुऊन आले. "बस झालं. रंग नाही. कॅप्टन आहे तसा गोराच उभा राहील. चला, शेवटचा प्रवेश."

तेव्हा मुलं उठली. कंपाउंडातली पाच-सहा पोरं तालीम बघायला रोज जमिनीवर बसलेली असत, त्यांची पुढारी आमची रेवा. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नो अंकल. कॅप्टन ऐसा नहीं होता."

"कसा होता?"

"कॅप्टन ब्लॅक होता है." आणि मागून सगळी पोरं, "हाँ, ब्लॅक ही होता है!"

बघा हं. 'जो काळा, तो गेला' म्हणणारी माझीच मुलगी. पण तिला दोन्ही गोष्टी पडद्यानेच शिकवल्या होत्या. दार उघडून मरणारा काळा असतो हेही, आणि घड्याळ काढून ठेवणारा काळा असतो हेही. एका मालिकेने केवढं काम केलं होतं!

पेंडसे काही बोलणार, तोच टेबलावर आवाज आला. टक.

यासीन खुर्चीतून उठला होता. अर्धा चेहरा हिरवा, अर्धा स्वतःचा. मनगटावरचं घड्याळ त्याने टेबलावर ठेवलं होतं. खुर्ची पुढे ओढली. बसला. प्लांटवर आभाळातले पाइप थांबवणारा तो आवाज त्याने घशात कुठेतरी खोल नेऊन ठेवला आणि आमच्यापर्यंत जेमतेम पोचेल इतक्या हळू म्हणाला, "बंदूक नंतर. आधी त्याचं नाव विचारा."



पेंडसे कितीही आत्ममग्न असोत, नाटक त्यांना कळत होतं. ते माझ्याकडे आले. मग खाली बसले, माझ्यासमोरच्या खुर्चीत. "वहिनी, त्याचा हिरवा पुसा," ते म्हणाले. "आणि मला लावा."

प्रयोगाच्या दिवशी हॉल खचाखच. ईदचे नवे कपडे, अत्तराचे वास, शिरखुर्म्याची पातेली. सगळ्यांची रंगभूषा उरकली तेव्हा यासीन येऊन खुर्चीत बसला आणि डोळे मिटले.

"तुला कशाला? तू आहेस तसाच छान आहेस," मी म्हटलं. मला वाटलं, मी फार मोठं काहीतरी बोलले.

त्याने एक डोळा उघडला. "वा! सगळ्यांना लावलंत, आनि हिरोला नाय? लाइट पडल्यावर मी काय दिसनार? नुसतं पांढरं युनिफॉर्म उभं."

लाज वाटावी इतकं खरं होतं. मी डबा उघडला. गोऱ्याच्या पाच छटा, दोन निळ्या. पेंडशांच्या काळ्या पॅनकेकचा उरलेला तुकडा घेतला, त्यात लाल मिसळला, हळद-पिवळा मिसळला, त्याच्या गालाशी धरून बघितलं, पुन्हा मिसळला. आणि तुम्हाला सांगते, काळा सगळ्यांत कमी लागला. लालच फार. चिंचेचा कोळ गुळात शिजत येतो ना, तशी एक छटा हळूहळू बशीत तयार झाली. माझ्या डब्यात पहिल्यांदाच. त्याने आरशात उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं आणि म्हणाला, "आता कसं!"

पहिल्या रांगेत त्याची बायको आणि शमा. जांभळा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, बापाचे डोळे. प्रवासात झोपलेली, तिला नुकतंच उठवून आणलं होतं. रोल बदलल्याचं यासीनने मुद्दामच तिला सांगितलं नव्हतं.

पडदा उघडला. यान बंद पडलं. धूर म्हणून लोबान. विंगेतून गुरगुरण्याचा आवाज, आणि हिरवेगार पेंडसे चार पायांवर रंगमंचावर आले. घाऱ्या डोळ्यांसकट साक्षात परग्रह! पोरं किंचाळली. आणि शमा खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत ओरडली,

"अब्बा! ते बघ अम्मी, अब्बा!"

हॉल फुटला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. बिचाऱ्या पेंडशांना गुरगुरता येईना. आणि ते हसणं हळूहळू आपोआप विरत गेलं, कारण पोर अजूनही हिरव्याकडेच बोट दाखवत उभी होती. रंगमंचावर मधोमध पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये तिचा बाप उभा होता, आणि तिची नजर त्याच्यावरून दोनदा सरकून गेली होती. तिथे तो असू शकेल हे तिच्या मनातच येत नव्हतं.

मी विंगेत पदराचं टोक चावत होते. यासीनने घड्याळ काढलं. टेबलावर ठेवलं. टक. खुर्ची पुढे ओढली, बंदुकवाल्यांकडे नाही, प्रेक्षकांकडे. आणि संहितेत नसलेलं, पेंडशांनी जन्मात मान्य केलं नसतं असं वाक्य तो अगदी हळू आवाजात बोलला.

"शमा. अब्बा इकरं हाय."

पोरीने मान वळवली. बघितलं. पुन्हा हिरव्याकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. आणि मग खाली बसली, दोन्ही हात मांडीवर घेऊन, अगदी ताठ. कॅप्टनच्या मुलीने बसावं तशी. शेवटपर्यंत हलली नाही.

"बंदूक नंतर," कॅप्टन वळून म्हणाला. "आधी त्याचं नाव विचारा." आणि हिरवे पेंडसे, आयुष्यात पहिल्यांदाच ठरल्याहून कमी शब्दांत, म्हणाले, "पेंडसे." ते नाव संहितेत नव्हतं. पण त्या संध्याकाळी यासीनने एक वाक्य घातलं तर त्यांना कसं राहवणार?

पुढे सगळे पांगले. पेंडसे पुण्यात असतात, आईंना शेवटपर्यंत पटलं नाही की तसलं काही झालं नव्हतं. यासीन मुरुडला परतला, नारळाची वाडी बघतो आणि माझ्यासारखाच नेमाने मालिका बघतो. शमा कुठल्याशा कंपनीत नोकरीला आहे, भांडणात आवाज चढवत नाही म्हणे. यासीन म्हणतो त्याचीच जास्त भीती वाटते. त्या चिंचेच्या कोळाची वाळलेली बशी माझ्या डब्यात अजून आहे. काल शाल काढताना डबा हाताला लागला, म्हणून तर हे सगळं आठवलं. पाण्याचं बोट लावलं तर रंग अजून सुटतो.

आत्ता फोन वाजला. मुरुड.

"वहिनी, रमजान मुबारक! यंदा काय बघताय?"

"यानाचीच. रेवा आलीय ना."

"आपला कोन हाय?" दर वर्षीचा प्रश्न. मग दर वर्षीचा दुसरा. "कितव्या भागात मरतोय?"

रेवाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. परग्रहावरचं दार. आतून गुरगुर. ती खर्जातल्या आवाजाची कॅप्टन सगळ्यांना मागे सारून स्वतःच पुढे झाली आणि दारावर हात ठेवला. "बाई आहे, कॅप्टन. दारापाशी आहे," मी फोनात सांगितलं, आणि आमच्या खेळातला जुना शब्द माझ्या तोंडात येऊन थांबला. दार उघडलं. पडदा काळा. आम्ही तिघं वाट बघत, दोघी इथे आणि एक समुद्रापलीकडे.

ती बाहेर आली. हातावरची धूळ झटकत.

"यासीनभाई," मी म्हटलं, "आली."

मग फोनमधून, अगदी जवळून, लाकडावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला. टक.

"मग आता निवांत बसतो," कॅप्टन म्हणाला. "पुढचं सांगा."